वर्कशॉपमध्ये चालतो, वावरात ट्रिप होतो: तेल भरलेल्या बंद कंट्रोलरचा दुपारचा आजार

लक्षण असं. एक एचपीच्या डीसी सोलर पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज पंपाला जुळवून देणारी पेटी. पेटी पूर्ण बंद, फॅन नाही, आत सिलिकॉन तेल. सकाळी व्यवस्थित चालतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराच्या पुढे ओव्हरटेंपरेचर दाखवून बंद पडतो, तासाभराने सुरू होतो, पुन्हा पडतो. उचलून वर्कशॉपला आणा, टेबलावर पूर्ण लोडला लावा, चार-पाच तास बिनतक्रार चालतो. परत नेऊन खांबाला लावा, दोन दिवस ठीक, तिसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

बाळापूर तालुक्यातल्या एका लिंबूवाल्या काकांचा हा कंट्रोलर माझ्याकडे एका उन्हाळ्यात चार वेळा आला. चौथ्या वेळी काका वैतागून म्हणाले, "तुमच्या दुकानात आला का हा सुधरते, अन् माह्या वावरात गेला का बंद. तुमाले पाहून भेते का हा?" मी हसलो, पण उत्तर त्या वाक्यातच होतं. मला ते कळायला आणखी पंधरा दिवस लागले.

आधी, फॅन का नाही याबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला सहज जातो, धूळ पिठासारखी बारीक असते, कापसाच्या दिवसांत तंतू उडतात आणि पेटीला बोटभर फट ठेवली की पाल, मुंग्या आत संसार मांडतात. पालीने टर्मिनलवर जीव देऊन बोर्ड जाळल्याची दोन उदाहरणं माझ्या बाकड्यावरच पाहिली आहेत. म्हणून बंद पेटी आणि आत तेल. गावातल्या डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) तत्त्वच हे: कॉइलजवळ तेल तापतं, हलकं होऊन वर चढतं, बाहेरच्या नळ्यांत थंड होऊन खाली येतं. पंप नाही, पंखा नाही. शाळेतलं अभिसरण.

आमच्या पेटीत मॉस्फेट (वीज झटपट चालू-बंद करणारे आणि त्यात तापणारे भाग) एका उभ्या ॲल्युमिनियम प्लेटवर बसवलेले आहेत. प्लेट १०० मिमी उंच, २०० मिमी रुंद. तिच्यासमोर २० मिमी अंतरावर पेटीची भिंत, मधे तेल. पूर्ण लोडला साधारण २० वॅट उष्णता या प्लेटमधून बाहेर पडायला हवी. सेन्सर प्लेटवर आहे, ८५ अंशांना ट्रिप.

पहिल्या तीन फेऱ्यांत मी जे केलं ते कुणीही करेल. मॉस्फेटखालची थर्मल पेस्ट बदलली. जुनी पेस्ट कडेला सरकून मधे कोरडी पडली होती, त्यामुळे "सापडलं" असं वाटलं. (तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत प्लेटी किंचित हलतात आणि पेस्ट बाहेर ढकलली जाते.) दुसऱ्या वेळी सेन्सर बदलला. तिसऱ्या वेळी पेटीच्या वर दोन इंच अंतर सोडून पत्र्याची सावली बसवली. सावलीने भिंतीचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. ती सगळ्यांनी लावावीच. पण ट्रिप गेला नाही, फक्त बाराचा दीडला सरकला.

मग तेलाकडे वळलो. आणि इथे माझीच जुनी करणी आडवी आली.

मूळ तेल होतं १०० सेंटिस्टोक्सचं (हे तेलाच्या घट्टपणाचं माप) साधं सिलिकॉन. ते गळायचं. ग्लँड (केबल बाहेर पडते तिथले सील) बदलले, गॅस्केट बदललं, तरी महिन्याभरात पातळी बोटभर खाली. म्हणून आदल्या हिवाळ्यात मी तेलात फ्युम्ड सिलिका घोटून ते घट्ट केलं, वजनाने सहा टक्के. रंगात, रेझिनमध्ये वापरतात तीच पांढरी, हवेसारखी हलकी पूड. (घोटताना मास्क लावा. ती नाकात जाते आणि तिथे तिचं काही काम नाही.) गळती थांबली. डिसेंबर ते मार्च एक तक्रार नाही, म्हणून तेल घट्ट केल्याचं मी विसरूनही गेलो.

आता मुद्दा. मी मनाशी हिशेब केला होता की तेल दहापट घट्ट झालं तर कूलिंग थोडं कमी होईल, चालेल. हा हिशेब साध्या, न्यूटनीय (म्हणजे जरासं ढकललं तरी वाहणाऱ्या) तेलासाठी बरोबर आहे. अभिसरणाने जाणारी उष्णता घट्टपणाच्या चौथ्या मुळाच्या हिशेबाने घटते. तेल दहापट घट्ट केलं तरी प्लेट आणि भिंतीतला फरक आमच्या मापांत २२ अंशांवरून ३५ च्या आसपास जातो. त्रास आहे, पण अंत नाही. उलट १०० चं ५० सेंटिस्टोक्स केलं तर २२ चे १९ होतात, फार मोठी कमाई नाही. म्हणजे तेल वाहतंय तोवर घट्टपणा फारसा छळत नाही.

पण सिलिका घातलेलं तेल नुसतं घट्ट होत नाही. त्याची जातच बदलते. सिलिकाचे कण एकमेकांना धरून तेलभर जाळं विणतात. ते जाळं तुटेपर्यंत तेल जागचं हलत नाही. मध आणि श्रीखंड यांत जो फरक, तोच. मध कितीही घट्ट असो, बरणी आडवी केली की हळूहळू का होईना वाहतोच. श्रीखंडाचं भांडं तिरकं करा, श्रीखंड तसंच उभं राहतं, तासभर ठेवलं तरी. त्याला ढकलायला एक किमान ताण लागतो आणि त्याच्या खाली ते घन वस्तूसारखं वागतं. या किमान ताणाला यील्ड स्ट्रेस म्हणतात आणि अशा पदार्थाला बिंगहॅम द्रव.

चमचा तो ताण सहज देतो. तापलेलं तेल देतं का? तेल २५ अंशांनी जास्त तापल्याने हलकं झालं तर त्याला वर ढकलणारं बळ फारच नाजूक असतं. सिलिकॉन तेलाची घनता घनमीटरला सुमारे ९६५ किलो, प्रसरण अंशाला हजारी ०.९५ च्या आसपास. २० मिमीच्या फटीत, २५ अंश फरकाला, घनता, गुरुत्व, प्रसरण, तापमानातला फरक आणि फटीची रुंदी यांचा गुणाकार येतो साधारण साडेचार पास्कल. उभ्या अरुंद फटीचं गणित मांडलं तर यातला फक्त सोळावा भाग तेलाला हलवण्याच्या कामी येतो. म्हणजे ०.२८ पास्कल. तेलाचा यील्ड स्ट्रेस याहून जास्त असेल तर अभिसरण शून्य. कमी नाही, शून्य. केचपचा यील्ड स्ट्रेस दहा पास्कलच्या पुढे असतो. पाव पास्कल म्हणजे हाताला जाणवणारही नाही इतका सैल जेल, आणि माझं मिश्रण तर बोटाने ओढलं की टोक उभं राहील असं होतं.

अभिसरण बंद झाल्यावर उरतं ते वहन. सिलिकॉन तेलाची उष्णतावाहकता ०.१५-०.१६ (मीटरला, अंशाला इतके वॅट), म्हणजे थर्माकोलच्या वरची, पण काचेच्या फार खालची पायरी. २० मिमी जाडीतून २० वॅट नुसत्या वहनाने न्यायचे तर कागदावर फरक १२९ अंश येतो. प्रत्यक्षात बोल्ट, कडा, वायरी यांतून काही उष्णता निसटते म्हणून इतका चढत नाही, पण भिंत ५५ ला असताना ८५ च्या ट्रिपला पोचायला ३० अंशच पुरतात.

स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. चहाचं पाणी कुणी ढवळत नाही, ते आपोआप वरखाली होऊन सगळीकडे सारखं तापतं. पिठलं मात्र दोन मिनिटं सोडून फोन घेतला की बुडाला लागतं, आणि वर बोट लावलं तर कोमट. तळाची उष्णता वर न्यायला पिठलं हलायलाच तयार नसतं, म्हणून आपण पळी फिरवतो. माझ्या पेटीत मी पिठलं भरलं होतं आणि पळी ठेवली नव्हती.

आता काकांच्या वाक्याकडे. वर्कशॉपमध्ये तो का सुधारायचा? कारण वर्कशॉपला येताना तो मोटारसायकलच्या कॅरियरवर बांधून यायचा. आमच्या रस्त्यांवर तीस-बत्तीस किलोमीटर. पळीचं काम खड्ड्यांनी केलं. हादऱ्यांनी सिलिकाचं जाळं तुटतं, जेल पुन्हा तेलासारखं सैल होतं आणि लगेच पुरतं जुळत नाही. शांत उभं राहिलं की जाळं परत विणलं जातं, आधी भराभर आणि मग तासंतास हळूहळू. टेबलावर मी ते कायम सैल अवस्थेतच तपासत होतो, शिवाय टेबल एसीच्या खोलीत. वावरात परत जातानाही पुन्हा खड्डे, म्हणून पहिले दोन दिवस बरे. तिसऱ्या दिवशी जाळं पक्कं.

याला आणखी एक वळण आहे. साध्या तेलात एवढासा तापमानाचा फरक, एवढासा धक्का मिळाला की प्रवाह स्वतःच वाढत जातो. यील्ड असलेल्या द्रवात तसं होत नाही. बारीकसारीक धक्के तो गिळून टाकतो. रात्रभर थंड होऊन जमलेलं जेल सकाळी हळूहळू तापतं तेव्हा त्याला चालू करायला काही नसतंच.

खात्री कशी करायची

पेटी न उघडता दोन गोष्टी करता येतात. पहिली, भिंतीचं तापमान. इन्फ्रारेड गन असेल तर पेटीवर काळी चिकटपट्टी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी लावा आणि तिच्यावरच नेम धरा. चकचकीत पत्र्यावर गन खोटं बोलते. तेल फिरत असेल तर वरची पट्टी सगळ्यात गरम, खालची सगळ्यात थंड, फरक आठ-दहा अंशांचा. तेल गोठलेलं असेल तर प्लेटच्या बरोबर समोरचा डाग गरम, आणि त्याच्या वर-खाली जवळपास सारखंच. गन नसेल तर तळहात पुरतो, पण उन्हात तापलेल्या भिंतीवर नाही, सावलीतल्या बाजूवर. डीपीच्या नळ्यांचा वरचा भाग खालच्यापेक्षा तापलेला असतो, तो नमुना डोक्यात ठेवा. (डीपीला हात लावून बघू नका, हे लिहायची वेळ येऊ नये, पण लिहितो.)

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. पूर्ण लोडवर, ट्रिपच्या जरा आधी, पेटी खांबावरच दोन्ही हातांनी धरून मिनिटभर जोरात गदागदा हलवा आणि सेन्सरचा आकडा बघत राहा. आमचा ८२ वरून चार मिनिटांत ७४ वर आला. साधं तेल असतं तर हलवण्याने एवढा फरक पडला नसता. ते आधीच फिरत असतं. हे पाहिल्यावर मी वावरातच खाली बसलो. काका म्हणाले, "म्हंजे रोज हलवाव लागते का आता?"

पेटी उघडलीच तर तिसरी, बुडबुड्याची. पारदर्शक बाटलीत तेलाचा नमुना भरा, झाकण लावून जोरात हलवा म्हणजे हवा आत जाईल, आणि बाटली रात्रभर स्थिर ठेवा. १०० सेंटिस्टोक्सच्या साध्या तेलात मिलिमीटरभराचा बुडबुडा सेकंदाला पाचेक मिलिमीटर वर चढतो, म्हणजे मिनिटाभरात बाटली स्वच्छ. सकाळी मोहरीएवढे बुडबुडे जागच्या जागी अडकलेले दिसले तर यील्ड स्ट्रेस साधारण एक पास्कलच्या वर आहे, आमच्या मर्यादेच्या तिप्पट-चौपट. फक्त साखरेच्या दाण्यापेक्षा बारीक बुडबुडे सकाळपर्यंत लटकलेले असतील तरीही ते तेल या कामाला नको. माझी एप्रिलमध्ये हलवलेली बाटली अजून फळीवर आहे, बुडबुड्यांसकट.

तेलाच्या डब्यावरच्या आकड्यावर इथे भिस्त ठेवू नका. घट्टपणा मोजताना यंत्राची दांडी तेलात फिरते, आणि फिरता फिरता जाळं तोडूनच मोजते. पेटीत तेल सेकंदाला काही मिलिमीटर सरकतं, फार तर. त्या मंद चालीला घट्टपणा किती, हे लेबल सांगत नाही. दुकानदार "हे जेल ढवळलं की पातळ होतं" म्हणून विकतो ते खरंच असतं, पण पेटीत ढवळणारं कुणी नाही.

दुरुस्ती

सोपा वाटणारा उपाय मी आधी केला आणि तो फसला: अर्धं जेल काढून साधं तेल ओतलं. सिलिका सहाची तीन टक्के झाली, ट्रिप चार दिवस उशिरा आला. जाळं विरळ झालं, पण गेलं नाही. तेव्हा पूर्ण काढायचं. पॅनलचा आयसोलेटर बंद करा, कपॅसिटरमधला चार्ज उतरल्याचं मीटरने बघा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने जेल खरवडा. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवायला जाऊ नका, सिलिकॉन तेल त्यात नीट विरघळत नाही, नुसतं सगळीकडे पसरतं. त्याच साध्या तेलाला ५०-६० अंश गरम करून त्यानेच तीन वेळा विसळलं. कॉइलच्या फटीत थोडी सिलिका राहिली, ती राहू दे. शेवटच्या धुवणाच्या तेलाची बुडबुडा-चाचणी घ्या, बाटली मिनिटभरात निवळली की बास.

नवीन तेल ५० सेंटिस्टोक्सचं भरलं, ट्रान्सफॉर्मरसाठीचं सिलिकॉन येतं तेच. साधं खनिज ट्रान्सफॉर्मर तेल याहून खूप पातळ आणि स्वस्त असतं, ४० अंशांना १२ सेंटिस्टोक्सच्या आत, पण ते पीव्हीसी वायरीतला मऊपणा शोषून घेतं आणि वर्षा-दोन वर्षांत इन्सुलेशन कडक काडी होतं. शिवाय शेतातल्या पेटीत जास्त फ्लॅशपॉइंटचं, म्हणजे सहज पेट न घेणारं तेल बरं. डीपीतून "मिळालेलं" तेल तर मुळीच नको. का, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता गळती, म्हणजे या सगळ्याचं मूळ. ती ग्लँडमधून नव्हतीच. तीन मीटर लांब, पंपाच्या जंक्शन बॉक्समधला स्क्रू सोडवला तेव्हा लगच्या (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या टोपीच्या) आतून तेलाचा थेंब बाहेर आला. मल्टिस्ट्रँड वायरच्या बारीक तारांमधून तेल वातीसारखं चढत होतं आणि पलीकडचं टोक खाली असल्याने सायफन होऊन उतरत होतं. आधी मी केबल तेलाच्या पातळीच्या वरून बाहेर काढली, तरी थेंब आलाच, कारण वात वर चढून मग खाली उतरते. उपाय: पेटीतून बाहेर पडताना प्रत्येक वायर तोडून मधे चार सेंमी भरीव तांब्याचा तुकडा सोल्डर केला, तो उघडा भाग इपॉक्सीत बुडवला. भरीव तांब्यातून तेल जात नाही, आणि इन्सुलेशनखालची वाट इपॉक्सीने बंद होते. गॅस्केट सिलिकॉन रबरचं होतं, तेही बदलून नायट्राइल टाकलं. सिलिकॉन तेलात सिलिकॉन रबर फुगतं, भाऊबंदकी म्हणा.

ज्यांना कोणत्याही परिस्थितीत वाहणारं तेल नको, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: ॲल्युमिना भरलेलं पॉटिंग कंपाउंड (ओतल्यावर घट्ट होणारं भरण), वाहकता १ वा जास्त. २० मिमीतून ते जवळजवळ आमच्या फिरत्या तेलाइतकीच उष्णता नेतं, न हलता. पेटी जड होते आणि एक मॉस्फेट गेला की सगळं फेकायचं. मी दुरुस्तीवाला आहे, मला ते पटत नाही, पण चालतं.

मे महिन्यात ४४ अंशांच्या दुपारी प्लेट ७६ वर थांबली. काकांनी दोन वेळा तरी पेटी सवयीने हलवून पाहिली.

एक गोष्ट राहते. तेल तापल्यावर फुगतं, ६० अंशांच्या फरकाला साडेपाच-पावणेसहा टक्के, म्हणजे चार लिटरच्या पेटीत पाव लिटरच्या आसपास. तेवढी हवा वर सोडावी लागते. पण उन्हाळ्यात गरम तेलावर पातळीची खूण केली तर जानेवारीच्या पहाटे तेल आक्रसून प्लेटचं वरचं टोक उघडं पडतं, गरम तेलाला वरून वळायला जागा उरत नाही आणि थंडीतही सकाळी नऊला ट्रिप येतो. खूण थंड पेटीवर करा, प्लेटच्या वरच्या कडेपासून निदान दोन बोटं वर.